मकरपुऱ्यातून परदेशी कंपनी सांभाळताना

बडोद्यात मकरपुरा जीआयडीसीत कारखाना आणि जर्मनीत उपकंपनी असा पसारा असेल, तर आधी दोन तारखा भिंतीवर लिहा: 15 जुलैपर्यंत एफएलए (परदेशातली देणी आणि मालमत्ता यांचं वार्षिक विवरण), 31 डिसेंबरपर्यंत एपीआर (परदेशी उपकंपनीच्या कामगिरीचा वार्षिक अहवाल), दोन्ही रिझर्व्ह बँकेसाठी. एपीआर हमखास अडतो तो तिकडच्या ऑडिटपायी. तिथल्या ऑडिटरच्या मागे सप्टेंबरातच लागा. उशिराचं शुल्क 7,500 रुपये. ते परवडतं हो, पण ती चूक रीतसर मार्गी लागेपर्यंत परदेशात नवी गुंतवणूक करता येत नाही, खरं दुखणं ते. गुंतवणुकीचा पुरावा 6 महिन्यांत आपल्या बँकेला द्या.

मीटिंग दुपारी दीडला ठेवा: तिकडे उन्हाळ्यात सकाळचे 10, हिवाळ्यात 9. मार्च आणि ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी त्यांची घड्याळं सरकतात. सोमवारी निम्मी माणसं गायब!