महागड्या घड्याळाचा पार्ट बदलताय? या चुका टाळा

इंदूरमध्ये कुठल्याही काउंटरवर घड्याळ दुरुस्तीला टाकताना गिऱ्हाईक एकच प्रश्न विचारते: "पार्ट ओरिजिनल है ना?" उत्तरही ठरलेले असते: "एकदम ओरिजिनल, भाईसाब." दोघांचेही समाधान होते, आणि पहिल्याच पावसाळ्यात काचेखाली वाफ धरते.

मुळात प्रश्नच अर्धवट आहे. पार्ट कोणी बनवला हे नंतर पाहू. तो कशात बसणार, कशावर घासणार आणि बिघडला तर सोबत काय बिघडवणार, हे आधी विचारा. रबरी रिंग, मेन स्प्रिंग, सेल, पट्टा या गोष्टी चांगल्या कारखान्याच्या असतील तर बाहेरच्या चालतात, कारण त्यांच्यातली खोट तपासणीच्या यंत्रावर पकडता येते आणि त्या झिजण्यासाठीच असतात. चावी (बाजूची फिरवायची गुंडी), ती ज्यावर आवळली जाते ती नळी, गिअर, काटे आणि डायल यांच्या बाबतीत मात्र काटकसर अंगाशी येते.

"बाहेरचा" आणि "नकली" एकच समजणे

बाजारात तीन वेगळ्या वस्तू एकाच ट्रेमध्ये पडलेल्या असतात. पहिली, कंपनीचा पार्ट. दुसरी, दुसऱ्या कारखान्याने स्वतःच्या नावाने, कंपनीचा लोगो न लावता बनवलेला पार्ट. उदाहरणार्थ, जनरल रेसॉर्ट्स या स्विस कारखान्याची मेन स्प्रिंग. ती बाहेरची आहे, पण नकली नाही. तिसरी, कोणीतरी भलत्यानेच बनवून वर रोलेक्सचा मुकुट किंवा ओमेगाचे चिन्ह छापलेला पार्ट. हा सरळ नकली, आणि १९९९च्या ट्रेड मार्क्स कायद्याखाली असा माल बनवणे आणि विकणे दोन्ही गुन्हा आहे. लोगो आहे म्हणून ओरिजिनल, हा हिशोब इथे उलटा पडतो.

सीलबंद पाकिटावरही फार विसंबू नका. रोलेक्स आपले पार्ट खुल्या बाजारात विकत नाही, ते अधिकृत सर्व्हिसच्या साखळीतच फिरतात. घड्याळांची मशीन बनवणारी ईटीए ज्याच्या मालकीची आहे त्या स्वॉच ग्रुपनेही २०१६पासून स्वतंत्र घाऊक विक्रेत्यांना पार्ट देणे थांबवले. त्यामुळे काउंटरखालून निघालेले चकचकीत पाकीट तिथे पोचले कसे, हे विचारायलाच हवे. दुसऱ्या घड्याळातून काढलेला जुना पण खरा पार्ट कित्येकदा त्या पाकिटापेक्षा जास्त भरवशाचा असतो, फक्त तो भिंगाखाली पाहून घ्यावा लागतो.

फक्त चावी बदलणे, नळी तशीच ठेवणे

सगळ्यात जास्त घड्याळे या एका चुकीने मरतात. रामबागेतल्या एका काकांच्या रोलेक्स सबमरीनरचे (मॉडेल १६६१०, आत काटे चालवणारे ३१३५ नंबरचे मशीन) काय झाले ते पाहा. हे घड्याळ ३०० मीटर खोल पाण्यासाठी बनवलेले आहे. चावी फिरवून बंद करताना पकड लागेना, म्हणून त्यांनी एका दुकानात चावी बदलून घेतली. नवी चावी दिसायला हुबेहूब होती, मुकुटाखाली तीन ठिपकेसुद्धा होते. पण झिजली होती ती केसमधून (घड्याळाच्या धातूच्या कवचातून) बाहेर आलेली नळी. नव्या चावीचे आटे झिजलेल्या आट्यांवर जेमतेम एक फेरा धरत होते.

काका परत गेले. आता दुकानदाराने नळी बदलली, तीही बाहेरची. तिचे केसच्या बाजूचे आटे मूळ मापाला जुळत नव्हते. बोटाने बसेना, म्हणून पकडीने दाबून फिरवली आणि वर गोंद लावला. वरून सगळे घट्ट लागत होते.

रंगपंचमीला काका राजवाड्यावर गेरमध्ये, म्हणजे इंदूरच्या रंगाच्या मिरवणुकीत होते. टँकरवरून पाण्याचे फवारे अंगावर येतात, ते फवारे साध्या नळाच्या पाण्यासारखे नसतात. दुसऱ्या दिवशी सकाळी तारखेच्या भिंगाखाली धुके. इथून पुढचा उतावळेपणा घरचा. पुतण्याने घड्याळ तांदळाच्या डब्यात ठेवले, मग हेअर ड्रायरची गरम हवा मारली. तांदूळ बंद केसमधले पाणी ओढत नाही, आणि गरम हवेने वाफ मशीनमध्ये आणखी आत शिरते. घड्याळ उघडले तोवर चावीच्या दांडीवर आणि वेळ लावायच्या खटक्यांवर गंज चढला होता, डायलवर तीनच्या बाजूला डाग पडला होता. अधिकृत केंद्राने सगळ्यात वाईट बातमी शेवटी दिली: केसमधले मूळ आटेच कापले गेलेत, मधला केसच बदलावा लागेल. चावी आणि नळी सुरुवातीलाच जोडीने बदलली असती तर त्याच्या अगदी थोड्या खर्चात काम झाले असते.

म्हणून नियम असा की चावी आणि नळी नेहमी जोडीने, एकाच उगमाची. नळी बसवताना आधी उलटी फिरवा. आटा आट्यात पडल्याचा हलका टक जाणवतो, मग सुलटी फिरवा. पहिले दोन फेरे बोटांच्या जोरावर जायला हवेत. नाही गेले तर थांबा, काढा, आटे साफ करा, माप पाहा. नळी फिरवायला तिच्या आतल्या खाचांत बसणारे खास हत्यार असते. ज्याच्याकडे ते नाही त्याने हे काम घेऊच नये. गोंदाने आटे जुळत नाहीत.

बाहेरच्या चावीची आणखी एक भानगड म्हणजे तिच्या आतली खोली वेगळी असते, त्यामुळे जुन्या दांडीची लांबी चुकते. दांडी लांब राहिली तर चावी पूर्ण बंद होत नाही, आखूड झाली तर वेळ लावायचा खटका नीट लागत नाही. दांडी थोडी थोडी कापा, टोक घासा, पुन्हा बसवून पाहा. एकदाच मोठा तुकडा छाटणारे लोक नंतर दुसरी दांडी शोधत फिरतात.

आणि टेस्ट. मशीन बाहेर ठेवून रिकाम्या केसची प्रेशर टेस्ट आधी करावी, गळती असली तरी नुकसान शून्य. सुका टेस्टर दाबाखाली केस किती दबते किंवा फुगते ते मोजतो. आधी ३ बार (बार हे दाबाचे माप), मग घड्याळाच्या क्षमतेनुसार पुढे. सगळे बसवून झाल्यावर केस ४० ते ४५ अंशांपर्यंत गरम करून काचेवर थंड पाण्याचा थेंब ठेवा, एका मिनिटाने पुसा. आतून धुके दिसले तर ओल आत आहेच. हे सगळे अर्ध्या तासाचे काम आहे, तरी बहुतेक ठिकाणी त्यालाच फाटा मिळतो.

पाणी शिरलेच तर? उन्हात ठेवू नका, हलवू नका, चावी देत बसू नका. त्याच दिवशी उघडून घ्या. काम एवढेच आहे.

"बसतंय ना, मग झालं"

ऑनलाइन मिळणारे "सबमरीनर"चे डायल आणि काटे बहुतेक वेळा रोलेक्सच्या ३१३५ साठी बनवलेलेच नसतात, ते ईटीए २८२४ या दुसऱ्याच मशीनसाठी किंवा त्याच्या नकलांसाठी असतात. २८२४ च्या काट्यांची छिद्रे १.५० (तास), ०.९० (मिनिट) आणि ०.२५ (सेकंद) मिलिमीटर. ३१३५ ची मापे वेगळी, डायलमागचे, मशीनमध्ये अडकणारे पायही वेगळ्या जागी. मग कोणीतरी डायलचे पाय कापून तो दुहेरी टेपने चिकटवतो, काटा दाबून बसवतो, आणि सेकंदकाट्याची नाजूक दांडी वाकते. टेपचा डिंक आत ओघळतो तो वेगळाच.

उलट बाजूही सांगितली पाहिजे. सेलिटा कंपनीच्या एसडब्ल्यू २०० मशीनचे बहुतेक पार्ट ईटीए २८२४ ला चालतात, कारण रचना तीच आहे. मशीनवरचा नंबर वाचल्याशिवाय पार्ट मागवायचाच नाही. केसवरचे नाव पाहून मागवणारे पैसे घालवतात.

जुना डायल "नवा करून" घेणे

याविषयी बोलताना राग आवरणे कठीण जाते. आजोबांच्या फावर ल्यूबा किंवा ओमेगाचा डायल पिवळा पडला म्हणून रंगवून घेणारे लोक लग्नसराईत हमखास येतात. रंगवलेला डायल लांबून चमकतो, भिंगाखाली अक्षरे जाड आणि मिनिटांच्या रेघा वाकड्या दिसतात. रंगवल्यावर मूळ छपाई कायमची गेली, ती कोणी परत आणू शकत नाही. "मुंबई स्पेशल" हा शब्द जगभरच्या संग्राहकांना अशाच घड्याळांमुळे ठाऊक आहे.

अधिकृत केंद्रही जुन्या घड्याळाला नवा सर्व्हिस डायल सुचवू शकते. तो शंभर टक्के कंपनीचा असतो, तरी संग्राहकाच्या नजरेत किंमत उतरते. १९९०च्या दशकाच्या शेवटापर्यंत अनेक स्विस डायलवर ट्रिटियमचा चमकणारा लेप असे, त्याच्या जागी आता बहुतेकदा सुपर-ल्युमिनोव्हा हा दुसरा चमकणारा लेप येतो. डायल बदलायचाच असेल तर जुना डायल आणि काटे डबीत भरून परत मागा. काम देण्याआधीच लेखी सांगा: पॉलिश नको, डायल नको, विचारल्याशिवाय काहीही बदलायचे नाही.

बाकीच्या, थोडक्यात

स्प्रिंग बार (पट्टा केसला धरणाऱ्या काड्या): पट्ट्यासोबत आलेले फुकटचे टाकून द्या. लाखाचे घड्याळ त्या दोन काड्यांवर लटकते.

सेल: उदाहरणार्थ ३७१ नंबरचा म्हणजे एसआर ९२०, सिल्व्हर ऑक्साइडचा, १.५५ व्होल्टचा. त्याच मापाचा अल्कलाइन एलआर स्वस्त मिळतो, पण तो लवकर गळतो आणि सर्किट खातो.

रबरी रिंग: घड्याळ उघडले की मागच्या झाकणाची रिंग नवी, सिलिकॉन ग्रीसचा पातळ हात देऊन. जुनीच "ठीक आहे" म्हणून परत बसवणाऱ्याकडे पुन्हा जाऊ नका.

काच: सॅफायर म्हणून मिनरल काच विकली जाते. रोलेक्सच्या तारखेवरचे भिंग २.५ पट मोठे दाखवते, बाहेरच्या काचेत तारीख बारीक दिसली की ओळखा. जाडीत थोडा फरक असला तरी रिंगवरचा दाब बदलतो, म्हणून काच बदलली की प्रेशर टेस्ट पुन्हा.

मेन स्प्रिंग: उंची, जाडी, लांबी आणि ती ज्यात बसते त्या ड्रमचा आतला व्यास ही चारही मापे जुळवा. ऑटोमॅटिकमध्ये ड्रमच्या भिंतीला खास ब्रेकिंग ग्रीस लागते. तिथे साधे तेल गेले तर स्प्रिंग आधीच घसरते आणि घड्याळ रात्रीतून बंद पडते.

टाइमग्राफर (घड्याळाची टिकटिक ऐकून चाल मोजणारे यंत्र): काम झाल्यावर त्याचा कागद मागा. लिफ्ट अँगल हा यंत्रात भरायचा, प्रत्येक मशीनचा ठरलेला कोन: ३१३५ ला ५२ अंश, २८२४ ला ५० अंश. तो चुकीचा टाकला तर ॲम्प्लिट्यूडचा, म्हणजे बॅलन्स चाक किती झोका घेते त्याचा, आकडा खोटा येतो. पूर्ण चावी दिलेली, डायल वर, अशा स्थितीत ते २७० ते ३१० अंशांच्या दरम्यान हवे.

बिलावर नुसते "रिपेअर" लिहून घेऊ नका. मशीनचा नंबर, बदललेला प्रत्येक पार्ट, तो कंपनीचा की कोणत्या कारखान्याचा, प्रेशर टेस्ट किती बारवर झाली, आणि "जुने पार्ट परत दिले" ही ओळ. उद्या अधिकृत केंद्रात घड्याळ न्याल तेव्हा बाहेरचे पार्ट दिसले तर ते काम नाकारू शकतात किंवा आधी ते बदलायला लावतात. तेव्हा ती जुन्या पार्टची डबी सोबत न्या.