या चुका टाळा: लॅबमध्ये अवकाशातले रेणू अभ्यासताना

पावसाळ्यात साताऱ्यात काढलेला एफटीआयआर स्पेक्ट्रम (नमुना कोणता अवरक्त प्रकाश शोषतो त्याचा आलेख) हातात आला की मी आधी ३४०० आणि १६३० वेव्हनंबर (एका सेंटीमीटरमधल्या लहरींची संख्या) बघते; या पाण्याच्या पट्ट्यांच्या जागा. दोन्हीकडे फुगवटा असेल तर आधी संशय केबीआरने, म्हणजे ज्यात नमुना मिसळतात त्या पोटॅशियम ब्रोमाइडने, धरलेल्या ओलीचा.

एका एम.एस्सी.च्या मुलाने ऑगस्टमध्ये अँथ्रासिनची (कार्बनच्या तीन जोडलेल्या कड्यांचा रेणू) पेलेट, म्हणजे केबीआरमध्ये मिसळून दाबलेली चकती, केली. ३४००ला रुंद पट्टा, २३५०च्या आसपास दोन उंचवटे. त्याने प्रोजेक्टमध्ये लिहूनही टाकलं: अवकाशातल्या धूलिकणांवरचं पाणी आणि कार्बन डायऑक्साइड, दोन्हींचा बर्फ! खोलीच्या तापमानाला बर्फ कुठून येणार? त्याला नुसत्या केबीआरची पेलेट लावायला सांगितली. पट्टे जसेच्या तसे. ओल केबीआरची होती आणि कार्बन डायऑक्साइड यंत्रावर वाकलेल्या मित्रांच्या श्वासातला. ते दोन उंचवटे हीच वायूची खूण. वायूत रेणू मोकळा फिरतो, म्हणून पट्टा दोन शाखांत फुटतो. बर्फात तो जखडलेला असतो, म्हणून २३४०च्या जवळ एकच अरुंद पट्टा येतो.

माझी सवय अशी: केबीआर रात्रभर ११० अंशांना ओव्हनमध्ये, मग थेट डेसिकेटरमध्ये, म्हणजे ओल शोषणारं सिलिका जेल ठेवलेल्या बंद भांड्यात. सिलिका जेल गुलाबी झालं की आधी ते तापवायचं. कोरी पेलेट, नमुना, पुन्हा कोरी पेलेट, याच क्रमाने. सकाळचा बॅकग्राउंड (नमुन्याशिवायचं मोजमाप) दुपारी वापरायचा नाही. बेसलाइन करेक्शनचं (आलेखाचा तळ सरळ करण्याचं) बटण दाबून ओल जात नाही, पण सबमिशन जवळ आलं की सगळ्यांचा हात तिकडेच जातो.

दुसरी चीड आणणारी चूक म्हणजे रेणूंच्या रेषांच्या कॅटलॉगमध्ये आकाशातली एक रेषा जुळली की रेणू सापडल्याचं जाहीर करणं. आकाशगंगेच्या केंद्राजवळच्या सॅजिटेरियस बी-२ सारख्या वायू-धुळीच्या ढगात रेषांची इतकी दाटी असते की कशाशीही काहीतरी जुळतं. २००३ मध्ये ग्लायसिन हे अमिनो आम्ल अवकाशात सापडल्याचा दावा झाला. २००५ मध्ये लुईस स्नायडर आणि सहकाऱ्यांनी दाखवून दिलं की ज्या रेषा ठळक दिसायलाच हव्यात, त्यांतल्या महत्त्वाच्या रेषा दिसतच नाहीत. म्हणून जुळलेल्या रेषांच्या आधी न दिसलेल्यांची यादी करा. मी तीच आधी मागते.

मॅट्रिक्समधले, म्हणजे रेणू गोठलेल्या निष्क्रिय वायूत अडकवून मोजलेले, आकडे थेट आकाशाला लावू नका. गोठलेल्या निऑनमध्येही पट्टे सरकतात. सी-६० आयनाशी (साठ कार्बन अणूंच्या चेंडूसारख्या रेणूच्या विद्युतभारित रूपाशी) जुळणारे ९५७७ आणि ९६३२ अँगस्ट्रॉमचे (मीटरचा दहा अब्जावा भाग) पट्टे १९९४ मध्येच ताऱ्यांच्या प्रकाशात नोंदले गेले होते, पण भक्कम पुरावा मिळाला तो २०१५ मध्ये, स्वित्झर्लंडमधल्या बाझेलला जॉन मायर यांच्या गटाने थंड वायुरूपात मोजमाप केल्यावर.

आणि तरंगलांबी हवेतली की निर्वातातली, ते लिहा. इथे सुमारे २.६ अँगस्ट्रॉमचा फरक पडतो. वरचे दोन्ही आकडे हवेतले आहेत.