वारा २५, पण कसला? नॉट, किलोमीटर आणि सागरी मैलांच्या या चुका टाळा

गोव्यातल्या मालीम जेटीवरून निघणाऱ्या ट्रॉलरच्या केबिनमध्ये एकाच वेळी किती मापं नांदतात ते बघा. जीपीएस बोलतो सागरी मैल आणि नॉटमध्ये. हवामान खात्याचा मच्छीमारांसाठीचा इशारा येतो ताशी किलोमीटरमध्ये. मासळी कुठे मिळेल हे सांगणारी हैदराबादच्या इन्कॉइसची, म्हणजे समुद्राची माहिती देणाऱ्या सरकारी केंद्राची, सूचना अंतर किलोमीटरमध्ये देते. खलाशाच्या मोबाइलवरचं वाऱ्याचं अ‍ॅप नॉट दाखवतं, नाहीतर मीटर प्रति सेकंद. कायद्याचंही तेच: गोव्यात यांत्रिक बोटींना किनाऱ्यापासून ५ किलोमीटरच्या आत मासेमारीला मनाई, आणि देशाची प्रादेशिक सागरी हद्द १२ सागरी मैल, म्हणजे २२ किलोमीटरच्या थोडं वर. गुणाकार चुकल्याने फारसं बिघडत नाही. आकडा तोंडी सांगताना त्याचं माप गळतं, तिथे खरा घोळ होतो.

पाया एवढाच: १ सागरी मैल म्हणजे बरोबर १८५२ मीटर. हे माप १९२९ साली मोनॅकोच्या आंतरराष्ट्रीय जलसर्वेक्षण परिषदेत ठरलं. तासाला एक सागरी मैल म्हणजे १ नॉट, म्हणजेच ताशी १.८५२ किलोमीटर. त्यामुळे ‘ताशी १० नॉट’ म्हणू नये, तास नॉटमध्येच आलेला आहे. पण ही बोलण्यातली चूक, तिने कुणी बुडत नाही.

बुडवणारी चूक वाऱ्याची. अ‍ॅपवर २५ दिसतं, वाचणारा ताशी २५ किलोमीटर समजतो आणि ‘चालतंय’ म्हणून दोर सोडतो. ते २५ नॉट असतील तर वारा ताशी ४६ किलोमीटरचा आहे, आणि ‘ताशी ४५ ते ५५ किलोमीटर वेगाने सोसाट्याचा वारा, समुद्रात जाऊ नये’ असा इशारा आपण सगळ्यांनीच ऐकलेला असतो. शिवाय वाऱ्याचा दाब वेगाच्या वर्गाने वाढतो. वेग १.८५ पट म्हणजे दाब जवळजवळ साडेतीन पट. उलटी चूक, म्हणजे किलोमीटरला नॉट समजणं, फार तर एक दिवसाची मासळी घालवते. म्हणून माप लिहिलेलं नसेल तर नॉट धरूनच चालावं, असं माझं मत आहे. आणि व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर नुसता ‘वारा २५’ असा निरोप टाकणाऱ्याला लगेच विचारावं, कसले?

मीटर प्रति सेकंद दिसत असेल तर दुप्पट करा, नॉट मिळतात: १० चे १९.४. नॉटचे किलोमीटर करायचे तर दुप्पट करून त्यातला दहावा भाग वजा करा. २० नॉटचे ४० होतात, ४ गेले, राहिले ३६. खरं उत्तर ३७. हा हिशेब किंचित कमी भरतो, तेव्हा वाऱ्यासाठी वापरताना वरून एक-दोन चढवा. किलोमीटरचे नॉट करताना निम्मे करून त्याचा दहावा भाग मिळवा: ५० चे २५, अधिक अडीच, साडेसत्तावीस. खरे २७.

जीपीएसच्या सेटिंगमध्ये ‘मैल’ दोन असतात, सागरी आणि जमिनीवरचा. जमिनीवरचा मैल १६०९ मीटरचा. चुकून तो निवडला गेला तर १२ मैलांवर आहोत असं वाटताना बोट असते १९ किलोमीटरवर, २२ वर नव्हे. पावसाळी मासेमारी बंदीमुळे बोटी १ जूनपासून दोन महिने बांधलेल्या असतात, यंत्रं काढून घरी नेलेली असतात, कुणीतरी बटणं दाबलेली असतात. ३१ जुलैला बंदी संपण्याआधीच हे सेटिंग तपासून घ्या. ओळखीच्या दोन जागांमधलं अंतर मोजलं की लगेच कळतं.

जागेच्या आकड्यांत तर आणखी मोठा घोटाळा होतो. अग्वादचं अक्षांश दशांशात १५.४९ आहे. ते ‘१५ अंश ४९ मिनिटं’ असं यंत्रात भरलं की बोट शिरोडा आणि वेंगुर्ल्याच्या मधल्या अक्षांशावर निघते, सुमारे ३६ किलोमीटर उत्तरेला. खरं म्हणजे ते १५ अंश २९.४ मिनिटं. दशांशाला साठने गुणायचं, एवढंच. वेळेचंही तसंच. ३० सागरी मैल ७ नॉटने कापायला ४.२८ तास लागतात, म्हणजे चार तास सतरा मिनिटं, अठ्ठावीस नव्हेत.

कागदी नकाशावर अंतर मोजताना बाजूची, अक्षांशाची पट्टी घ्यावी. तिथे एक मिनिट म्हणजे जवळपास एक सागरी मैल. वरची-खालची पट्टी रेखांशाची. गोव्याच्या अक्षांशावर तिचं एक मिनिट साधारण १७८८ मीटरच भरतं. आपल्या बोटी सरळ पश्चिमेला जातात, त्यामुळे ही चूक इथे सहज होते: वीस मिनिटांत सव्वा किलोमीटरचा फरक.

‘इंजिन सातचं, जीपीएस पाच दाखवतो, यंत्र बिघडलंय’ ही तक्रारही नेहमीची. यंत्र बहुतेक वेळा बरोबर असतं. जीपीएस तळाच्या सापेक्ष वेग मोजतो, पाण्याच्या नव्हे. ओहोटीला मांडवीतून बाहेरचा लोंढा २ नॉटचा असेल आणि तुम्ही आत येत असाल तर सातातून दोन जाणारच. मापं बदलून बघण्यात वेळ घालवू नका. त्याच जागी बोट उलटी फिरवून वेग बघा, नऊ दिसेल. मात्र डिझेलचा अंदाज या पाचावर करायचा, सातावर नाही. वीस सागरी मैलांना तीन तासांच्या जागी चार लागतात.

खोली दाखवणाऱ्या यंत्रावर फूट, मीटर आणि वाव असे तीन पर्याय असतात. एक वाव म्हणजे ६ फूट, १.८३ मीटर. जुने तांडेल, म्हणजे बोटीचे प्रमुख, वावाचा हिशेब तोंडपाठ सांगतात, इन्कॉइसची सूचना खोली मीटरमध्ये देते आणि पडद्यावर बऱ्याचदा फूट असतात. १० वाव म्हणजे १८ मीटर पाणी, १० फूट म्हणजे जेमतेम तीन. नदीच्या तोंडाशी वाळूच्या दांड्यावरून बोट आत घेण्याआधी कोपऱ्यातलं ते बारीक अक्षर वाचा.