मुलांच्या दातांत काही वेगळं दिसतंय? या चुका टाळा

सोलापूरच्या पूर्व भागातले एक यंत्रमाग कामगार नऊ वर्षांच्या पोराला घेऊन माझ्या दातांच्या दवाखान्यात आले. वरचा पुढचा उजवा दात पूर्ण आलेला, डावीकडे नुसती हिरडी. "दोन वर्षं झाली मॅडम, येईल येईल म्हणून वाट बघतोय." एक्स-रे काढला तर दाताच्या वाटेवर एक छोटा, बेढब जादा दात ठाण मांडून बसलेला. तो काढला, पण अडकलेला दात खाली ओढून आणायला तारा लावाव्या लागल्या. लवकर आले असते तर कदाचित जादा दात काढण्यावरच भागलं असतं.

म्हणून पहिली चूक हीच: नुसती वाट बघत बसणं. एका बाजूचा दात येऊन सहा महिने झाले आणि जोडीचा दिसत नाही, तर एक्स-रे काढा. "दातावर दात म्हणजे भाग्याचं" असं म्हणत जादा दात तसाच ठेवू नका.

हे प्रकार वाटतात तितके दुर्मीळ नाहीत. जादा दात साधारण १०० पैकी १ ते ३ जणांत सापडतो, मुलग्यांत जास्त. अक्कलदाढा सोडल्या तरी कायमचा एखादा दात मुळात तयारच झालेला नसतो असे १०० पैकी ५-६ जण असतात. अक्कलदाढा मोजल्या की आकडा एकदम वाढतो, त्यामुळे कुठलीही टक्केवारी वाचताना काय मोजलंय ते आधी बघा. दवाखान्यात येणारा मुळात तक्रार घेऊन येतो, त्यातून सगळ्या तोंडाचा एक्स-रे काढला की न दिसणारंही दिसतं. तिथला आकडा जसाच्या तसा अख्ख्या गावाला लावता येत नाही.

दुसरी चूक याच्या उलट, म्हणजे घाई. बारा-तेरा वर्षांच्या मुलीची दुधाची दाढ पडत नाही म्हणून "काढून टाका" असा आग्रह होतो. पण तिच्या खाली येणारी कायमची उपदाढच (सुळा आणि मोठ्या दाढा यांच्यामधली छोटी दाढ) नसेल तर? खालच्या जबड्यातली दुसरी उपदाढ नसणं हे नेहमीचं आहे. अशा वेळी मुळं शाबूत असलेली दुधाची दाढ तिशी-चाळिशीपर्यंतही काम देते. ती काढली की तिच्या जागी आपोआप दुसरा दात येत नाही. एक्स-रे न बघता दुधाची दाढ काढायला होकार देऊ नका.

सहाव्या वर्षी येणाऱ्या दाढेबद्दल मला सगळ्यात जास्त कळकळ वाटते. ती दुधाच्या दाढांच्या मागे येते, तिच्यासाठी कुठला दात पडत नाही, म्हणून घरच्यांना ती दुधाचीच वाटते. काही मुलांत तिचं इनॅमल, म्हणजे दाताचं वरचं कडक आवरण, तयार होतानाच कच्चं राहिलेलं असतं: पिवळट-तपकिरी डाग, गार पाणी लागलं की कळ, कडक भाकरी चावताना कोपरा उडतो. जगभरात १०० पैकी सुमारे १३ मुलांत हे आढळतं. त्या मुलाला "ब्रश नीट करत नाहीस" म्हणून रागावू नका, ठणका लागतो म्हणूनच ते त्या बाजूला ब्रश नेत नाही. दंतवैद्याकडून दाढ वेळेत झाकून घेतली तर वाचू शकते.

बोअरच्या पाण्यातल्या जादा फ्लोराइडचे डागही असेच दिसतात, पण ते सहसा दोन्ही बाजूंना सारखे असतात. आजीच्या डब्यातली मिश्री लावून ते निघत नाहीत. इनॅमल झिजतं आणि तंबाखूची सवय लागते ती वेगळीच.

बाळ दात घेऊन जन्मलं की घरात "मामाला वाईट" सुरू होतं. दोन-तीन हजारांत एखाद्या बाळाला असा दात असतो आणि बहुतेक वेळा तो त्याचा खरा दुधाचा दातच असतो. फार हलत असेल किंवा पाजताना त्रास होत असेल तर दाखवा. घरी दोरा बांधून ओढू नका.

एक गोष्ट मात्र सोलापुरात तातडीने बघायची. दात अगदी मोजके आणि टोकदार, केस विरळ, घाम येत नाही, उन्हाळ्यात वरचेवर ताप, असं मूल असेल तर हे एकच जन्मजात दुखणं असू शकतं. घाम नसल्यामुळे त्याचं अंग थंड होत नाही, आणि आपला मे महिना चाळिशीच्या पुढचा. आधी बालरोगतज्ज्ञ गाठा, दुपारी बाहेर सोडू नका, शाळेच्या बाईंना सांगून ठेवा, अंगावर ओला पंचा असू द्या. दातांचं म्हणाल तर कवळी अशा तीन-चार वर्षांच्या मुलालाही बसवता येते. जबडा वाढेल तशी ती बदलायची.