टँडेम सौर सेल: वर्णपटाचा जास्त भाग वापरताना या चुका टाळा

टँडेम सेलचा (एकावर एक रचलेल्या दोन सौर सेलच्या जोडीचा) फिल फॅक्टर (करंट-व्होल्टेज आलेख किती चौकोनी आहे याचे माप) एकदम वाढलेला दिसला की पेढे वाटायची घाई करू नका, आधी करंट पाहा. दोन टोकांच्या रचनेत वरचा पेरोव्स्काइट (हॅलाइड स्फटिकाचा पातळ थर) आणि खालचा सिलिकॉन एकसर जोडणीत असतात. दोघांतून करंट सारखाच जातो आणि तो किती, हे कमी देणारा सेल ठरवतो. दोघांतली तफावत वाढली की फिल फॅक्टर उलट सुधारतो. दुसऱ्या सेलने पकडलेला जादा प्रकाश मात्र उष्णता होऊन वाया जातो.

हिशोब असा. सिलिकॉनचा बँडगॅप (प्रकाश शोषायला फोटॉनमध्ये लागणारी किमान ऊर्जा) १.१२ ईव्ही (इलेक्ट्रॉनव्होल्ट), म्हणून तो सुमारे ११०० नॅनोमीटरपर्यंतचा प्रकाश घेतो, पण निळ्या फोटॉनची जास्तीची ऊर्जा तापण्यातच जाते. एकट्या सिलिकॉनची सैद्धांतिक मर्यादा त्यामुळे २९.४ टक्क्यांवर अडते. वर १.६८ ईव्हीचा पेरोव्स्काइट बसवला की तो साधारण ७४० नॅनोमीटरपर्यंतचा वाटा जास्त व्होल्टेजवर वसूल करतो आणि उरलेला खाली सोडतो. प्रमाणित प्रकाशात दोघांनाही चौरस सेंटिमीटरमागे २० मिलिअँपिअरच्या आसपास मिळायला हवेत.

सर्वांत महागात पडणारी चूक मोजमापात होते. सिम्युलेटरमधल्या (कृत्रिम सूर्यप्रकाश देणाऱ्या यंत्रातल्या) झेनॉन दिव्याला ८०० ते १००० नॅनोमीटरमध्ये तीव्र शिखरे असतात. सिम्युलेटरवर ‘ए’ वर्ग लिहिलेला असला तरी त्यात प्रत्येक पट्ट्यात २५ टक्के इकडेतिकडे चालते. एका सेलला ते खपून जाते, टँडेमला नाही. सिलिकॉनला फुकटचा इन्फ्रारेड मिळतो, पेरोव्स्काइट कमी पडतोय असे वाटते आणि तुम्ही विनाकारण वरचा थर जाड करत बसता. दोन संदर्भ सेल ठेवा: एकावर फक्त दृश्य प्रकाश सोडणारा फिल्टर, दुसऱ्यावर फक्त इन्फ्रारेड सोडणारा. दोन्ही आपापला ठरलेला करंट दाखवेपर्यंत दिवे जुळवा.

ईक्यूई (कुठल्या तरंगलांबीच्या किती फोटॉनांचा करंट होतो याचे माप) घेताना बायस प्रकाश, म्हणजे न मोजायच्या सेलला भरपूर उजेड देणारा दिवा, विसरू नका. पेरोव्स्काइट मोजायचा तर ८५० नॅनोमीटरच्या एलईडीने सिलिकॉन भरून टाका आणि टँडेमवर सुमारे ०.६ व्होल्ट फॉरवर्ड बायस द्या. सिलिकॉन मोजायचा तर ४५० नॅनोमीटरचा निळा एलईडी आणि सुमारे १.१ व्होल्ट. मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर मिळणारे साधे एलईडी चालतात, फक्त त्यांची तरंगलांबी स्पेक्ट्रोमीटरवर तपासून घ्या. सिलिकॉनच्या आलेखात ४०० ते ६०० नॅनोमीटरमध्ये ठळक सिग्नल दिसला तर आनंद मानू नका. तो प्रकाश वरच संपलेला असतो. असा सिग्नल बहुधा शंट झालेल्या (आतून करंट गळणाऱ्या) सेलचा किंवा कमी पडलेल्या बायसचा.

पेरोव्स्काइटचा बँडगॅप वाढवायला ब्रोमाइड ओतत जाणे हीदेखील नेहमीची चूक. प्रमाण फार वाढले की उजेडात आयोडाइड आणि ब्रोमाइड वेगळे होतात, आयोडाइडचे खिसे तयार होतात आणि व्होल्टेज खाली येते. फिल्मचे फोटोल्युमिनेसन्स (प्रकाश शोषून फिल्म स्वतः सोडते तो उजेड) शिखर प्रकाशात ठेवल्यावर काही मिनिटांत लाल बाजूला सरकले तर हेच घडते आहे. ब्रोमाइड कमी करा, सीझियम-फॉर्मामिडिनियम मिश्रणाकडे वळा.

वरचा आयटीओ (पारदर्शक वाहक थर) ‘चांगला वाहक हवा’ म्हणून जाड केला की त्यातले मुक्त इलेक्ट्रॉन इन्फ्रारेड गिळतात आणि सिलिकॉन उपाशी राहतो. थर पातळ ठेवा, वहनाचे काम धातूच्या बोटांवर (बारीक रेषांवर) सोपवा. आयटीओ चढवतानाच्या स्पटरिंगच्या (वेगवान कणांच्या) माऱ्यापासून पेरोव्स्काइट वाचवायला सी६० वर (त्यावरच्या कार्बनच्या थरावर) एएलडीने (एकेक अणुथर चढवण्याच्या पद्धतीने) सुमारे २० नॅनोमीटर टिन ऑक्साइड घाला. नेहमीच्या पोताचे सिलिकॉन पिरॅमिड काही मायक्रोमीटर उंच असतात. त्यांवर स्पिन कोटिंगची (द्रावण ओतून फिरवून पसरवलेली) अर्ध्या मायक्रोमीटरची फिल्म शिखरे उघडी सोडते आणि तिथेच शंट होतो. पोत एक मायक्रोमीटरच्या आत आणा, किंवा आधी लेड आयोडाइड बाष्पीभवनाने चढवा.

अपकन्व्हर्जनच्या (कमी ऊर्जेच्या फोटॉनांतून जास्त ऊर्जेचा एक बनवणाऱ्या) थरावर मात्र एका सूर्याच्या तीव्रतेत (न एकवटलेल्या उन्हात) भिस्त ठेवू नका. एका फोटॉनसाठी दोन लागतात, त्यामुळे मंद प्रकाशात कार्यक्षमता फार घसरते.

मुंबईत छतावर सेल ठेवून प्रयोगशाळेशी तुलना करताना आकाशही लक्षात घ्या. प्रमाणित वर्णपटात सूर्य शिरोबिंदूपासून ४८ अंश खाली धरलेला असतो. इथे मेच्या मध्याला तो दुपारी जवळजवळ डोक्यावर येतो आणि प्रकाश अधिक निळा होतो. पावसाळ्यात हवेतली वाफ ९४० नॅनोमीटरच्या आसपास इन्फ्रारेड शोषते, ढगांतून आलेला प्रकाशही निळसर असतो. तेव्हा बहुतेक वेळा सिलिकॉन कमी पडतो, तर हिवाळ्यात धुरकट संध्याकाळी पेरोव्स्काइट. म्हणून एका दुपारच्या आकड्यावरून थराची जाडी बदलू नका. जुलै आणि जानेवारीतले वर्णपट नोंदवून करंट जुळवा.