'फॉर ऑल मॅनकाइंड' बघताना आणि त्यावर मत देताना

चंद्रावर अमेरिकेआधी रशियाचा माणूस उतरला असता तर पुढं काय झालं असतं, अशी कल्पना करून रचलेली ही इंग्रजी मालिका. आमच्या बेळगावच्या शहापुरात तिच्याबद्दल दोनच मतं ऐकू येतात. एक, "लई भारी हाय". दुसरं, "सगळं खोटं हाय की". दोन्ही मतांपुढे बोलणं सरकत नाही, आणि इतक्या मेहनतीनं रचलेल्या मालिकेला ते शोभत नाही. मी मराठी शाळेत विज्ञान शिकवते. रविवारी संध्याकाळी आमच्या माडीवर घरची, गल्लीतली मंडळी जमतात आणि आम्ही ही मालिका एकत्र बघतो. ती कशी बघितली म्हणजे मत नीट तयार होतं, ते सांगते.

आधी एका कागदावर खरा इतिहास लिहून भिंतीला लावा. थोडाच, पण तारखांसह. १९६३, वालेंतिना तेरेश्कोवा, अंतराळात गेलेली पहिली बाई. १८ मार्च १९६५, अलेक्सेई लिओनोव यानाबाहेर तरंगणारा पहिला माणूस. २० जुलै १९६९, अपोलो ११ चंद्रावर. डिसेंबर १९७२, अपोलो १७, त्यानंतर माणसानं चंद्रावर पाऊल ठेवलेलं नाही. एकूण बारा जण उतरले, सगळे पुरुष, सगळे अमेरिकन. जून १९८३, सॅली राइड, अंतराळात गेलेली पहिली अमेरिकन बाई. हा कागद नसला की घोटाळा होतो. पहिल्याच भागात लिओनोव चंद्रावर उतरतो, तेव्हा शेजारच्या अक्कांनी कन्नडमधून विचारलं, हे खरंच झालं होतं का? त्यांना कागदाकडे बोट दाखवता आलं. एकदा खरं काय ते समोर दिसलं की मालिकेनं कुठं वळण घेतलं ते आपोआप कळतं.

मग ते पहिलं वळण शोधा. मालिकेची सुरुवात १९६९ मध्ये होते, पण इतिहास त्याच्या आधीच फिरलेला आहे. सोव्हिएत अवकाश कार्यक्रमाचा मुख्य रचनाकार सर्गेई कोरोल्योव प्रत्यक्षात १४ जानेवारी १९६६ ला शस्त्रक्रियेदरम्यान गेला. त्याच्यामागे त्यांचं एन-१ हे महाकाय रॉकेट १९६९ ते १९७२ मध्ये चारदा उडवलं आणि चारही वेळा फसलं. कोरोल्योव जगला असता तर? मालिकेच्या निर्मात्यांनीच हे मूळ सांगितलं आहे. आमचे अण्णा उद्यमबागेत फाउंड्रीत आयुष्य काढलेले. त्यांना हे लगेच पटलं. त्यांचं म्हणणं, भट्टी तीच, माल तोच, पण ओतकामावर नजर ठेवणारा जाणता माणूस गेला की महिनाभरात माल नापास व्हायला लागतो. भाचा हत्तरगीला विमानाचे सुटे भाग करणाऱ्या कारखान्यात आहे. त्याला काही हे पटेना झालंय. त्याच्या मते एन-१ च्या पहिल्या टप्प्यात तीस इंजिनं होती आणि तो टप्पा जमिनीवर पूर्ण पेटवून तपासायची सोयच नव्हती, ती अडचण एका माणसानं सुटली नसती. ही दोन मतं ऐकायला मला दहा भाग बघण्याइतकाच आनंद होतो. मत असावं तर असं, कारणासकट.

पुढची पायरी सगळ्यांत महत्त्वाची: एका बदलातून दुसरा कसा निघाला ते तपासत जा. रशियनांनी दुसऱ्या मोहिमेत बाई उतरवली, म्हणून अध्यक्ष निक्सनना अमेरिकेची बाई चंद्रावर हवी झाली, म्हणून नासाला बायका भरती करून शिकवाव्या लागल्या. ही कडी घट्ट आहे, कारण तिच्या मागे खरी माणसं उभी आहेत. १९६० च्या सुमाराला तेरा अमेरिकन महिला वैमानिकांनी अंतराळवीरांना लावलेल्या वैद्यकीय चाचण्या पार केल्या होत्या. नासानं त्यांना घेतलं नाही. त्यांच्यातली जेरी कॉब कधीच अंतराळात गेली नाही. मालिकेतली मॉली कॉब तिच्यावरूनच बेतली आहे. त्या तेरांतलीच वॉली फंक मात्र २० जुलै २०२१ ला, वयाच्या ८२ व्या वर्षी, थोड्या मिनिटांसाठी का होईना, वर जाऊन आली. हे मी वर्गात सांगते तेव्हा मुली वही मिटून ऐकतात. म्हणून पहिल्या पर्वाचा तिसरा आणि चौथा भाग घाईत बघू नका.

पाचवा भाग तर आपला समजून बघा. त्यात अपोलो १५ चंद्राच्या दक्षिण ध्रुवाजवळ शॅकलटन विवराशी उतरतं आणि मॉली दोरानं अंधारात उतरून बर्फ शोधते. प्रत्यक्षातलं अपोलो १५ तिथून फार दूर, हॅडली घळीजवळ उतरलं होतं. पण शॅकलटन हे नाव आपल्याला अनोळखी नाही. १४ नोव्हेंबर २००८ ला चांद्रयान-१ नं सोडलेला, तिरंगा रंगवलेला आघात-शोधक याच विवराच्या परिसरात आदळला. याच यानावरच्या नासाच्या उपकरणानं चंद्राच्या मातीत पाण्याच्या खुणा टिपल्या आणि २००९ मध्ये ते जाहीर झालं. मालिकेनं १९७१ मध्ये आणलेला शोध खऱ्या इतिहासात आपल्या यानाच्या वाट्याला आला. हे माहीत असलं की तो प्रसंग छातीत धडधड करत बघितला जातो.

आता तक्रारी. "घरची भांडणं फार" ही तक्रार जवळजवळ प्रत्येक जण करतो, आणि ती अर्धीच बरोबर आहे. नवरा चंद्रावर असताना ह्यूस्टनमध्ये घरातल्या स्पीकरला कान लावून बसलेल्या बायका नसत्या, तर वरच्या धोक्याचं वजन कळलंच नसतं. पण पुढच्या पर्वांत डॅनीचं, म्हणजे एका अंतराळवीर जोडप्याच्या मुलाचं, प्रकरण ताणलंय, हे मलाही मान्य आहे. असं वाटलं की कुठल्या भागात, कुठल्या प्रसंगानं गोष्ट थांबली ते नेमकं सांगा. विज्ञानाची तक्रारही तशीच नेमकी हवी. चंद्रावर वजन सहावा हिस्सा भरतं, साठ किलोच्या माणसाला दहा किलोसारखं वाटतं, तरी तळाच्या आत कित्येक प्रसंगांत माणसं आपल्यासारखीच चालतात. भाच्यानं हे हेरलं. तसंच कोरियाच्या युद्धात लढलेला अंतराळवीर एड मालिकेतल्या २००३ मध्येही कामावर आहे, आणि त्याचा म्हातारपणाचा मेकअप बऱ्याच जणांना पटत नाही, मला पटतो.

एक प्रश्न आम्ही प्रत्येक पर्वानंतर विचारतोच: या बदललेल्या जगात गमावलं काय? सीमाभागात 'तेव्हा असं झालं असतं तर' ही चर्चा घराघरात आहे. १ नोव्हेंबर १९५६ ला बेळगाव तेव्हाच्या म्हैसूर राज्यात गेलं. माझ्या आजोबांच्या बैठकीत तो विषय निघाला नाही असा सण आठवत नाही. त्या बैठकीत मिळालं असतं त्याचीच यादी व्हायची. ही मालिका दोन्ही याद्या लिहिते. चंद्रावर लवकर तळ झाला, बायकांना संधी मिळाली. पण शर्यत थांबली नाही म्हणून जास्त माणसं मेली आणि बंदुकाही चंद्रावर पोचल्या. दुसरी यादी लिहिते म्हणून मी तिला प्रामाणिक म्हणते. योगायोग असा की मालिका आली तीसुद्धा १ नोव्हेंबरलाच, २०१९ साली.

सोयीच्या गोष्टी थोडक्यात. पावसाळ्यात वीज जाते, भाग आदल्या रात्री उतरवून ठेवा. संवाद इंग्रजी आहेत, रशियन पात्रं आपापसांत रशियन बोलतात. एकानं थांबवून मराठीत सांगायचं काम घ्यावं, ते दर आठवड्याला बदलावं. पुढं बघून झालेल्यांनी तोंड उघडायचं नाही. पहिल्या पर्वाचा शेवटचा भाग संपला, नावं वर सरकायला लागली, तरी उठू नका. त्यानंतर एक दृश्य आहे आणि दुसऱ्या पर्वाची दिशा त्यात आहे.

दुसऱ्या पर्वापासून दर वेळी काळ सुमारे दहा वर्षं पुढं उडी मारतो, आणि मधली वर्षं सुरुवातीला बातम्यांच्या तुकड्यांतून दाखवतात. ती मिनिटं थांबवत थांबवत बघा आणि भिंतीवरच्या कागदाशी ताडा. मालिकेत सिनेटर टेड केनेडी अमेरिकेचे अध्यक्ष झाले त्याचं कारण पहिल्या पर्वात सापडतं: चंद्राची शर्यत का हरलो याच्या चौकशीसाठी ते राजधानीतच थांबतात, त्यामुळे जुलै १९६९ चा चॅपाक्विडिकचा अपघात, ज्यात प्रत्यक्षात त्यांच्या गाडीतली तरुणी बुडून मेली आणि त्यांचं नाव खराब झालं, तो घडतच नाही. पण १९८० मध्ये प्रत्यक्षात मारला गेलेला बीटल्सचा गायक जॉन लेनन तिथं जिवंत आहे, आणि त्याचं कारण मालिका कुठंच देत नाही. अण्णा म्हणतात, हा नुसता सजावटीचा तुकडा. अक्कांचं मत वेगळं: केनेडी अध्यक्ष झाल्यावर देशातल्या किती जणांचे दिवस वेगळे गेले असतील, मारणाऱ्याचाही गेला असेल. तुमच्या गटात हाच तुकडा पहिल्यांदा चर्चेला घ्या.