बाळाच्या प्लेटलेट्स कमी आल्यात? ॲडमिट होण्याआधीची तयारी

आधी वही घ्या, पिशवी नंतर भरा. बाळाच्या अंगावर लाल-जांभळे ठिपके उठले, रक्ताचा रिपोर्ट आला आणि डॉक्टर ‘आयटीपी’ (शरीराची प्रतिकारशक्तीच प्लेटलेट्स नष्ट करते तो आजार) म्हणाले, की पुढे ड्युटीवरचा प्रत्येक नवा डॉक्टर तेच विचारणार. ठिपके कधी दिसले, त्याआधी सर्दी-ताप झाला होता का, लस कधी दिली, कुठलं औषध चालू होतं, घरात कुणाला रक्त न थांबण्याचा त्रास आहे का. हे सगळं तारखांसकट एकदाच लिहून ठेवा, रात्री अडीच वाजता आठवत बसावं लागत नाही. त्याखाली प्लेटलेट्सचे आकडे. एरवी ते दीड ते साडेचार लाखांच्या घरात असतात, या आजारात बऱ्याचदा 20 हजारांच्याही खाली जातात. ठिपक्यांचे आणि काळ्यानिळ्या डागांचे फोटो दिवसाउजेडी काढा. ‘पडलं होतं का, कुणाचा हात लागला का’ असंही विचारतील. मनाला लावून घेऊ नका, ते विचारणं त्यांना भागच असतं.

लसीकरणाचं कार्ड विसरू नका. प्लेटलेट्स वाढवायला आयव्हीआयजी, म्हणजे शिरेतून इम्युनोग्लोब्युलिन (दात्यांच्या रक्तातल्या अँटिबॉडीज), दिलं तर गोवर आणि कांजिण्यांसारख्या जिवंत लसी कित्येक महिने पुढे ढकलाव्या लागतात. बाकीच्या लसींचं काय, तेही विचारून कार्डावरच लिहून घ्या. या औषधाचा डोस वजनावर ठरतो, बऱ्याचदा किलोमागे एक ग्रॅमपर्यंत. त्यामुळे वजन ताजं हवं, महिन्यापूर्वीचं चालणार नाही. आणखी काही रक्ततपासण्या करायच्या असतील तर त्यांचं रक्त औषध सुरू होण्याआधीच घेणार ना, एवढं विचाराच. औषधातून दुसऱ्यांच्या अँटिबॉडीज बाळाच्या रक्तात येतात आणि काही रिपोर्ट मग फसवे येतात.

कपडे पुढून उघडणारे आणि सैल बाह्यांचे घ्या. हाताला सुई, त्याखाली पट्टी बांधलेली फळी आणि वर लटकणारी नळी, अशा अवस्थेत डोक्यातून घालायचा झबला काढून पाहा म्हणजे कळेल. मोजे जोडीने घ्या. एक पायात आणि एक हातात, कारण बाळाचा पहिला हल्ला त्या पट्टीवरच होतो. नखं घरीच कापून न्या. डायपर भरपूर. शी काळी किंवा लालसर दिसली तर तो डायपर न टाकता नर्सला दाखवा. खेळणी मऊच, टोकदार काही नको.

पिशवीत काय नको तेही सांगते. आयब्युप्रोफेन आणि ॲस्पिरिन घरातच राहू द्या, प्लेटलेट्सचं काम त्यांनी आणखी बिघडतं. तापाला पॅरासिटामॉल, तेही डॉक्टरांनी ठरवलेल्या डोसने. दंडात-मांडीत इंजेक्शन द्यायला कुणी आलं, तर ‘प्लेटलेट्स कमी आहेत’ हे तुम्ही आधी बोला.

ड्रिप कित्येक तास सावकाश चालते, त्या वेळात ताप, थंडी, उलटी होऊ शकते. म्हणून दोन जादा चादरी, आणि सोबतीला दुसरं मोठं माणूस. अंगावर पाजणाऱ्या आईच्या जेवणाची, पाण्याची आणि झोपेची पाळी आधीच ठरवून टाका. मोबाइलचा चार्जर लांब वायरीचा.

आणि एक. ॲडमिशनची वाट पाहताना बाळाचं डोकं आपटलं, सारख्या उलट्या झाल्या, ते सुस्त पडलं किंवा रक्त थांबेना, तर यादी तशीच टाकून इमर्जन्सीत जा.

बहुतेक बाळांचे आकडे औषधाने काही दिवसांत चढतात. पण औषधाचा जोर ओसरला की दोन-चार आठवड्यांत ते पुन्हा घसरू शकतात. म्हणून डिस्चार्जच्या कागदावर पुढच्या रक्ततपासणीची तारीख आणि रात्री-बेरात्री लागणारा फोन नंबर दोन्ही लिहिलेत का, हे वॉर्डमध्येच पाहून घ्या.